प्लेगच्या लशीचे जनक वाल्डेमार हाफकिन

मुंबईच्या परळ भागात 'हाफकिन संस्था' या नावाची एक जुनी व भव्य वास्तू उभी आहे. सर्पदंशावरील औषध, पोलिओचे डोस अथवा रोगजंतूंविषयीचे संशोधन यांच्या संबंधाने हे नाव आपल्या कानांवरून अनेकदा गेलेले असते. परंतु हाफकिन हे एका माणसाचे नाव आहे, आणि त्या माणसाने आपल्या आयुष्यातील उमेदीची वर्षे आपल्या देशातील गोरगरिबांना मृत्यूच्या दाढेतून ओढून काढण्यात वेचली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. या परक्या पुरुषाच्या कार्याचा एक महत्त्वाचा अध्याय आमच्या बडोद्याच्या वेशीजवळच लिहिला गेला आहे. म्हणून त्यांचे चरित्र आमच्या विद्यार्थिमित्रांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटले.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी असलेल्या ओडेसा या शहरी झाला. आज हे शहर युक्रेन देशात मोडते. त्या काळी तेथे रशियाच्या झारचे साम्राज्य होते. हाफकिन यांचे कुटुंब ज्यू धर्माचे होते. झारच्या राज्यात ज्यू लोकांना पावलोपावली अपमान सोसावा लागे आणि त्यांच्या वस्त्यांवर वरचेवर हल्ले होत. ओडेसाच्या विद्यापीठात शिकत असताना अशाच एका दंगलीत आपल्या लोकांचे रक्षण करण्यासाठी तरुण हाफकिन पुढे झाले. त्यात ते जखमी झाले आणि वर पोलिसांनी त्यांनाच अटक केली. त्यांचे गुरू, प्राणिशास्त्राचे नामांकित पंडित इल्या मेचनिकॉव्ह, यांनी रदबदली केली तेव्हा कोठे त्यांची सुटका झाली.

पुढे पदवी मिळाली, विद्वत्ताही सिद्ध झाली. परंतु प्राध्यापकाची जागा हवी असेल तर ज्यू धर्म सोडून ख्रिस्ती व्हावे लागेल, अशी अट पुढे आली. हाफकिन यांनी ती साफ नाकारली. ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयातील साध्या नोकरीवर त्यांनी काही वर्षे काढली आणि १८८८ साली मायभूमीचा निरोप घेऊन ते स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथे गेले. पुढच्याच वर्षी त्यांनी पॅरिस गाठले. तेथे लुई पाश्चर यांची जगप्रसिद्ध संस्था नुकतीच सुरू झाली होती आणि मेचनिकॉव्ह तेथे आधीच येऊन पोहोचले होते. शिष्याला देण्याजोगी एकच जागा रिकामी होती, ती म्हणजे ग्रंथालयातील साहाय्यकाची. हाफकिन यांनी ती आनंदाने पत्करली. दिवसा पुस्तकांची व्यवस्था पाहावी, उरलेला वेळ प्रयोगशाळेत घालवावा आणि विरंगुळा म्हणून व्हायोलिन वाजवावे, असा त्यांचा क्रम होता.

लस म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगितले पाहिजे. एखादा रोग एकदा येऊन गेला की पुष्कळदा तो पुन्हा होत नाही, कारण त्या रोगाच्या जंतूंशी कसे लढावे हे शरीर शिकून घेते. तेव्हा जंतूंना दुबळे करून अथवा मारून ते शरीरात सोडले, तर रोग न भोगताच शरीराला ही शिकवण देता येईल, हे लशीमागील तत्त्व होय. एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ साली गाईंना होणाऱ्या सौम्य देवीचा द्रव टोचून माणसाच्या देवीपासून संरक्षण मिळते हे दाखवून दिले होते, व १८०२ साली ती लस मुंबईतही पोहोचली होती. पाश्चर यांनी १८८५ साली पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावर लस काढली. परंतु पटकी, म्हणजे कॉलरा, हा रोग मात्र गावेच्या गावे धुऊन नेत होता. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी दगावे. हाफकिन यांनी याच रोगाला हात घातला.

पटकीच्या जंतूंवर संस्कार करून त्यांनी लस सिद्ध केली. प्राण्यांवर तिचा प्रयोग यशस्वी झाला. परंतु माणसावर प्रयोग कोणी करावा? १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ती लस स्वतःलाच टोचून घेतली. अंगात ताप भरला, टोचलेली जागा दुखू लागली. तरीही काही दिवसांनी त्यांनी दुसरी, अधिक तीव्र मात्राही घेतली. त्यांचे मित्रही पुढे आले. सारे सुखरूप आहेत असे पाहून त्यांनी आपले संशोधन विद्वानांपुढे मांडले.

आता या लशीची खरी कसोटी जेथे पटकीचे ठाणे आहे तेथेच व्हावयास हवी होती, आणि असा देश म्हणजे हिंदुस्थान. त्या वेळी पॅरिसमध्ये इंग्लंडचे वकील असलेले लॉर्ड डफरिन हे पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांच्या साहाय्याने हाफकिन १८९३ सालच्या मार्च महिन्यात कलकत्त्यास उतरले. ते वैद्य नव्हते, इंग्रज नव्हते आणि येथील भाषाही त्यांना येत नव्हती. सरकारी डॉक्टरांपैकी कित्येक त्यांच्याकडे साशंक दृष्टीने पाहत होते. लोकांना तर हा गोरा मनुष्य सुई घेऊन दारोदार का फिरतो, हेच कळेना.

१८९४ साली कलकत्त्यातील एका झोपडवस्तीत पटकी शिरली. वस्तीतील सारे लोक एकाच तळ्याचे पाणी पीत. हाफकिन चौधरी, घोष, चटर्जी, दत्त या बंगाली डॉक्टरांना बरोबर घेऊन तेथे गेले. लोक प्रथम बुजले. क्वचित दगडही भिरकावले गेले असे सांगतात. हाफकिन यांनी सर्वांदेखत आपल्याच अंगात सुई टोचून दाखविली, तेव्हा लोकांचा धीर वाढला. वस्तीतील सुमारे २०० माणसांपैकी ११६ जणांनी लस घेतली. पुढे त्या वस्तीत आणखी १० जणांना पटकी झाली व त्यांतील ७ दगावले. पण हे दहाही जण लस न घेतलेल्यांपैकीच होते. दोन वर्षांत आग्र्यापासून आसामातील चहाच्या मळ्यांपर्यंत हिंडून त्यांनी सुमारे ४२,००० लोकांना लस टोचली. या दगदगीने त्यांना हिवतापाने गाठले आणि १८९५ साली विश्रांतीसाठी युरोपास परतावे लागले. परंतु पुढच्याच वर्षी ते पुन्हा आपल्या देशात हजर झाले, आणि त्याच वर्षी मुंबईवर काळाचा घाला पडला.

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईतील मांडवी भागात काही चमत्कारिक तापाचे रोगी आढळू लागले. ताप चढे, काखेत वा जांघेत गाठ येई आणि काही दिवसांत रोगी मरे. हा प्लेग आहे, हे प्रथम ओळखणारे डॉ. अकासिओ व्हिएगस हे मूळचे गोव्याचे. बघता बघता शहर ओस पडू लागले. जो तो आगगाडीत बसून गावाकडे पळू लागला, आणि त्यांच्याबरोबर प्लेगही गावोगाव गेला. घरात उंदीर मरून पडू लागले की घराला कुलूप ठोकून रानात झोपड्या बांधून राहावयाचे, असे दिवस आले. सरकारने रोग आवरण्यासाठी जे उपाय योजले, त्यांनी तर लोक अधिकच बिथरले. घरांची झडती, रोग्यांना ओढून इस्पितळात नेणे, नातलगांना वेगळ्या छावणीत डांबणे, यांमुळे पुण्यात असंतोषाचा भडका उडाला. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली. याच साथीत, १० मार्च १८९७ रोजी, रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. आजार मोठा, की आजारावरच्या उपायांची दहशत मोठी, हे सामान्य माणसाला कळेनासे झाले होते. अशा वातावरणात हाफकिन यांना काम करावयाचे होते.

७ ऑक्टोबर १८९६ रोजी ते मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली व एक ओवरी, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्या सामग्रीवर त्यांनी प्रयोगशाळा थाटली. प्लेगचे जंतू मांसाच्या रसात वाढवावे लागत. तो रस बोकडाच्या मांसाचा काढावयाचा, गाईचा वा डुकराचा नव्हे, ही दक्षता त्यांनी घेतली. हिंदू व मुसलमान या दोघांच्याही भावना त्यांना जपावयाच्या होत्या. रसाच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की त्यांना धरून जंतूंचे पुंजके झुंबरातील लोलकांप्रमाणे खाली लोंबू लागत. भांडे हलवले की ते खाली बसत आणि पुन्हा नवे पुंजके तयार होत. असे काही आठवडे वाढविलेले जंतू उष्णता देऊन मारले की लस सिद्ध होई. अवघ्या तीन महिन्यांत हे घडून आले. या काळात त्यांनी रात्रीचा दिवस केला. एका साहाय्यकाची प्रकृती ढासळली व दुसरे काम सोडून गेले.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी प्लेगची लस स्वतःस टोचून घेतली. तीही पुढे इतरांना दिली त्याहून कितीतरी मोठ्या मात्रेत. ताप आला, वेदना झाल्या, परंतु काही दिवसांत ते हिंडूफिरू लागले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील जे कैदी स्वखुशीने पुढे आले त्यांनाच लस देण्यात आली. लस घेतलेल्या १४७ जणांपैकी दोघांना प्लेग झाला, परंतु मृत्यू एकही झाला नाही. न घेतलेल्या १७२ जणांपैकी १२ आजारी पडले व ६ मरण पावले. यानंतर सुशिक्षित लोक स्वतःहून प्रयोगशाळेत येऊ लागले. खोजा समाजाचे धर्मगुरू आगाखान यांनी स्वतः लस टोचून घेतली, तेव्हा त्यांच्या हजारो अनुयायांनी त्यांचे अनुकरण केले. दमण या पोर्तुगीज अंमलाखालील गावात त्याच वर्षी प्लेगने थैमान घातले. तेथे लस घेतलेल्या २,१९७ लोकांपैकी ३६ मृत्यू पावले, तर न घेतलेल्या ६,०३३ पैकी १,४८२ जणांना मृत्यूने गाठले.

तथापि शंका घेणारे म्हणत की, लस घेणारे लोक मुळातच सुस्थितीतले, स्वच्छ घरांत राहणारे असतील. मग श्रेय लशीचे कसे? शंका गैर नव्हती. तिचे उत्तर मिळाले ते आमच्या बडोद्याजवळील उंडेरा या गावी. १८९८ च्या फेब्रुवारीत तेथे प्लेग पसरला होता. हाफकिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी घराघरांतील माणसांची मोजदाद केली आणि प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस दिली. वय व प्रकृती पाहून दोन्ही बाजू शक्य तेवढ्या सारख्या राखल्या. एकच घर, एकच चूल, तेच पाणी आणि तेच उंदीर. फरक फक्त लशीचा. ज्या २८ कुटुंबांत पुढे प्लेग आला, त्यांत लस घेतलेली ७१ माणसे होती. त्यांपैकी ८ आजारी पडली व ३ दगावली. न घेतलेली ६४ होती. त्यांपैकी २७ आजारी पडली आणि २६ दगावली.

हे आकडे लिहिताना आमचा हात क्षणभर थबकतो. या २६ जणांपैकी प्रत्येकाच्या शेजारी, त्याच घरात, लस घेतलेला भाऊ, बहीण वा माता बसलेली असली पाहिजे. आजच्या नीतिनियमांप्रमाणे असा प्रयोग कोणी करू धजणार नाही. परंतु त्या वेळी लशीची परिणामकारकता कोणासही निश्चित माहीत नव्हती, आणि ती निःसंशय सिद्ध झाल्यावाचून लाखो लोकांनी हात पुढे केला नसता. उंडेऱ्याच्या त्या अनाम शेतकऱ्यांचे ऋण केवळ आमच्या बडोद्यावर नव्हे, साऱ्या देशावर आहे.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली आणि हाफकिन तिचे प्रमुख झाले. लशीच्या बाटल्या साऱ्या देशात आणि परदेशांतही जाऊ लागल्या. कीर्तीच्या या शिखरावर असतानाच नियतीने त्यांच्यावर कठोर आघात केला.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या खेड्यात १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांतील १९ जणांना काही दिवसांनी धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. हे १९ जण एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. बाकीचे सारे सुखरूप राहिले. चौकशी समिती नेमली गेली. लशीत कार्बोलिक ॲसिड घालण्याची जुनी रीत सोडून हाफकिन यांनी नवी पद्धत स्वीकारली होती, यावर तिने बोट ठेवले आणि बाटली प्रयोगशाळेतच दूषित झाली असावी, असा तर्क केला. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले. ज्यांनी लाखोंचे प्राण वाचविले, त्यांच्यावर १९ जणांच्या मृत्यूचा ठपका घेऊन देश सोडण्याची पाळी आली.

वास्तविक पुराव्यातच निराळी गोष्ट दडलेली होती. बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करताच त्याने बूच काढण्यात आले. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे शास्त्राला तेव्हाही ज्ञात होते. ते जंतू बाटलीत आधीपासून वाढत असते, तर तिला दुर्गंधी सुटली असती; परंतु बाटली उघडणाऱ्या डॉक्टरांस असा वास आला नव्हता. हे सारे कागद १९०६ साली प्रसिद्ध झाले. हिवतापाचा प्रसार डासांमार्फत होतो हे सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस यांनी हा प्रश्न हाती घेतला. १९०७ साली दहा नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स' पत्रातून हाफकिन निर्दोष असल्याचे जाहीर केले, आणि त्या वर्षाच्या अखेरीस सरकारनेही तो ठपका दूर केला. हा मनुष्य इंग्रज आणि वैद्य असता, ज्यू व परदेशी नसता, तर न्यायास एवढा विलंब लागला असता काय, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता.

हाफकिन हिंदुस्थानात परत आले खरे. परंतु परळची जागा दुसऱ्याकडे गेली होती. कलकत्त्यास त्यांना एका प्रयोगशाळेचे काम मिळाले, मात्र नव्या लशींचे प्रयोग लोकांवर करण्याची मुभा मिळाली नाही. १९१४ साली ते निवृत्त होऊन फ्रान्सला गेले. त्यांनी विवाह केला नव्हता. ज्या धर्मासाठी तरुणपणी प्राध्यापकपदावर पाणी सोडले होते, त्याच्या अध्ययनात आणि आचरणात त्यांचा उत्तरकाळ गेला. आपली मिळकत त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू मुलांच्या शिक्षणासाठी दान केली. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले. तोपर्यंत तेथून प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर पडल्या होत्या. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. १९६४ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

हाफकिन यांची लस अगदी निर्दोष होती असे नव्हे. ती घेतल्यावर ताप येई, आणि तिच्यापासून मिळणारे संरक्षणही काही महिन्यांपुरतेच असे. पिसवांमार्फत प्लेग पसरतो हे समजल्यावर आणि पुढे प्रतिजैविके हाती आल्यावर त्या लशीची गरज फारशी उरली नाही. परंतु देवी, पोलिओ, घटसर्प, गोवर यांच्याविरुद्ध आपल्या देशाने पुढे जी लढाई दिली, तिच्यासाठी लागणारी दोन साधने हाफकिन यांनी घालून दिली. पहिले, लशीचा गुण आकड्यांनी मोजून दाखविणे. आणि दुसरे, सक्तीऐवजी लोकांचा विश्वास मिळविणे. जेथे बंदुका व झडत्या हरल्या, तेथे स्वतःच्या अंगात टोचलेली सुई जिंकली. १९७७ साली भारत देवीमुक्त घोषित झाला आणि २०१४ साली पोलिओमुक्त.

आणखी एक गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी. मुलकोवालच्या १९ जणांचा बळी घेणाऱ्या आणि हाफकिन यांचे आयुष्य उद्ध्वस्त करणाऱ्या धनुर्वातावरही आता लस आहे. तान्ह्या बाळांना ती इतर लशींबरोबर मिळते. परंतु तिचा प्रभाव कालांतराने ओसरतो, म्हणून घटसर्पाच्या लशीसह ती दहाव्या व सोळाव्या वर्षी पुन्हा घ्यावयाची असते. गरोदर मातांनाही ती देतात, आणि त्यामुळेच २०१५ साली आपल्या देशातून बाळंतिणीच्या व नवजात बालकाच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. लस ही केवळ पाळण्यातल्या बाळासाठी असते ही समजूत चुकीची आहे. आमच्या शाळेतील पुष्कळ मुले-मुली आज याच दोन वयांच्या दरम्यान आहेत. त्यांनी घरी जाऊन आपली लसीकरणाची नोंद पाहावी, राहिलेली लस जवळच्या आरोग्यकेंद्रात जाऊन घ्यावी आणि घरातील वडीलधाऱ्यांनाही विचारावे, असे आम्ही सुचवितो. हाफकिन यांचे स्मरण करण्याची याहून चांगली रीत आम्हांस दिसत नाही.